बाबांच्या डाव्या बाजूची जागा

प्रिय रुमेनाताई,

माझं पत्र पाहून म्हणशील, व्हेस्कोला अक्षरं येतात अजून! बुर्गासच्या बंदरात मासळीच्या पेट्या उचलतोय. इथे एक मांजर आहे, बांगडा सोडून सार्डिनच खातं. ते असो.

खरं सांगू? तुझ्या नवऱ्याचं नाव काढलं की माझं डोकं उठतं. बाबांची किडनी गेली तेव्हा मी म्हटलं होतं, पडू द्या म्हाताऱ्याला, आराम करू द्या. कालोयानने मात्र त्यांना उठवलं. आधी फाटकापर्यंत, मग चर्चपर्यंत, मग थेट नदीपर्यंत. डायलिसिसच्या खुर्चीत पायाने पेडल मारायला लावलं. डॉक्टर खूश, बाबा खूश. फोन केला की म्हणायचे, "कालोयान आलाय, नंतर बोलू रे." पोटचा पोरगा मी, आणि 'नंतर' माझ्या वाट्याला!

गावच्या जत्रेत होरो नाचाच्या रांगेत बाबा अग्रभागी, उजव्या हातात रुमाल. त्यांच्या डावीकडे कोण? कालोयानच. तोही हात न धरता, बाबांचा कमरपट्टा धरून. मला वाटलं, काय हा मिजासखोर, सासऱ्याचा हात धरायला लाजतो! रांगेत शेपटाकडून शिरायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी मात्र सरळ दोघांच्या मध्ये घुसलो. लोक ओरडले, "अरे, हा कुठून उगवला?" तू कपाळावर हात मारलास. तेवढं तू पाहिलंस.

पुढचं पाहिलं नाहीस. मी बाबांचा डावा हात धरला आणि चढ्या चालीत जोरात हिसका दिला. डायलिसिसच्या सुईसाठी मनगटाजवळ जोडलेली ती शीर माझ्या बोटांखाली मधमाशीसारखी गुणगुणत होती. बाबांचा चेहरा पांढरा पडला, पण पाऊल चुकलं नाही. नाच संपल्यावर त्यांनी बाही खाली ओढली आणि मला म्हणाले, "जा, बस चुकेल." मी गेलो. पळालोच म्हण.

काल फोनवर हाताचं विचारलं, तर म्हणाले, "डास चावला रे." मग बोलता बोलता त्यांच्याकडूनच कळलं, सूज पाहून तू त्यांचा होरो बंद केलास, नदीवर जाणंही बंद. नाचण्याने झालं असं तुला वाटतंय, आणि ते गप्प बसलेत, माझ्यासाठी. ताई, नाचण्याने नाही झालं. मी केलं. त्यांना नाचू दे. शनिवारी येतोय, शेपटाला उभा राहीन. आणि त्या हाताला धक्का न लावता पट्टा कुठे धरायचा ते कालोयानने मला दाखवावं. मला विचारायला जीव जळतो, पण तू त्याला विचार.

तुझाच आगाऊ,
व्हेस्को