ह्यांच्या नावाचा मीटर

प्रिय भोपळे,

गणितात आयुष्यभर शून्य मिळवणारीला पत्र लिहायचं म्हणजे सगळं दोनदा समजावून सांगावं लागतं. म्हणून चष्मा लाव, पाय पसरून बस आणि सावकाश वाच. मधलं सोडून शेवटाकडे पळू नकोस. धड्याचं पहिलं पान आणि शेवटचं पान वाचून परीक्षेला बसायचीस, तसं इथे चालणार नाही.

तर बातमी अशी, की आमचे हे जाऊन चार वर्षं झाली आणि यंदा त्यांनी एकाएकी वीज खायला सुरुवात केली. जिवंत असताना हा माणूस कसा होता तुला माहीत आहे. खोलीत दोघं असलो तर एक दिवा, आणि एकटे असले तर खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात पेपर. आणि आता त्यांच्या नावावर एखादी बेकरी चालेल एवढी वीज. मीटर अजून ह्यांच्याच नावावर आहे ना. नाव बदलायला दोन फॉर्म भरायचे होते, ते मी मुद्दाम भरले नाहीत. जिवंतपणी मला एक चिठ्ठी लिहिली नाही त्यांनी, आता दर महिन्याला त्यांचं नाव छापलेला कागद दारात येतो, बरं वाटतं. हसू नकोस. तिन्ही मजल्यांना मिळून तो एकच मीटर. खाली मी, मधल्या मजल्यावर तुझा सोन्या, वर शिवणवाली. विजेचे पैसे मी भाड्यातच धरते, त्यामुळे वरती कोण काय जाळतं हे मी कधी बघितलं नव्हतं.

मीटरवाला आला तेव्हा त्याने ह्यांना विचारलं. कुठे आहेत म्हणाला. म्हटलं, बाहेर गेलेत. कधी येतील? म्हटलं, ते नाही यायचे, मलाच जावं लागेल, पण घाई नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि मग माझ्याकडे बघून पुन्हा खोडलं. जाता जाता म्हणाला, काकू, या घरात कुणीतरी दिवसरात्र भट्टी लावून बसलंय, पुढच्या महिन्यात साहेब येऊन घर तपासतील. मग मी सोन्याला खाली बोलावलं आणि माझ्या पद्धतीने घेतलं त्याला. म्हटलं, काय रे, वर बर्फाचा कारखाना काढलायस का? तुझ्या आईला सांगू का, की लेक एवढा उजेड पाडतोय की कंपनीचे लोक बघायला यायला लागलेत? तो एकदम पांढराफटक पडला. जुना फ्रिज आहे मावशी, मी बघतो, म्हणाला. आणि त्याने बघितलं. पुढच्या महिन्याचं बिल इतकं कमी आलं, की ह्यांच्या काळातही कधी आलं नव्हतं. मी गल्लीभर मिरवले. तुलासुद्धा फोनवर सांगितलं, आणि तू म्हणालीस, माझा सोन्या आहेच गुणी. आठवतंय?

आता तुझ्या गुणीबाळाची पुढची गोष्ट ऐक. त्याने खिडक्यांना आतून चंदेरी कागद लावला होता. भर दुपारी दाराच्या फटीतून उजेड. आत पंखे असे घोंघावत, की माझ्या छताला कान फुटायची वेळ. आणि जिन्यात एक वास. मला वाटलं उंदीर मेलाय, म्हणून मी तीनदा फिनेल ओतलं. त्यात तो बारीक झालेला, कुणाशी बोलत नाही, दार उघडतो ते एक डोळा मावेल एवढंच. मी काय समजले असेन सांग. मला वाटलं पोराने कुणीतरी आणून ठेवलीय. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. मी ठरवलं होतं, जाऊन दोघांना रंगेहाथ पकडायचं, पाव तास डोळे वटारायचे, मग खाली आणून चहा पाजायचा. तुला कळवताना काय काय मीठमसाला लावायचा तेही ठरवून टाकलं होतं. तो बाहेर गेलेला बघून मी जादाची किल्ली घेतली आणि पदर सारखा करून वर गेले. आतली घाबरू नये म्हणून आधी खोकलेसुद्धा.

दार उघडलं, आणि खोलीत ऊन होतं. खरंच सांगते, बंद खोलीत ऊन. छताला टांगलेले दिवे असे, की डोळ्यांना पाणी आलं, आणि तोंडावर असा ताव, जशी चुलीत मान घातलीय. पलंग नव्हता. कपाट नव्हतं. रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये बावीस झाडं, ओळीने, माझ्या छातीपर्यंत. पानं बघून मला आधी झेंडू वाटला. म्हटलं, पोरगा फुलांचा धंदा करतोय आणि लाजतोय होय. मग एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि शाळेच्या मागची ती जागा आठवली, जिथली झाडं मास्तरांनी आपल्याला उपटायला लावली होती आणि नाव सांगायला तयार नव्हते. नाव तूच मला सांगितलं होतंस, तुझा काका ओढायचा म्हणून. गांजा, भोपळे. माझ्या घरात, माझ्या डोक्यावर, बावीस बादल्या गांजा. मी तिथेच एक रिकामी बादली पालथी घालून बसले.  

तो आला तेव्हा मी तशीच बसलेली. आधी त्याने दार लावलं, मग रडायला लागला. गोदामातली नोकरी जाऊन आठ महिने झालेत. तुला सांगितलं नाही त्याने. कुणीतरी दिवे दिले, बी दिलं, पीक मी घेऊन जाईन म्हणाला. मावशी, फक्त पंधरा दिवस, कापणी झाली की एक पान दिसणार नाही, असं म्हणत होता. रडताना त्याचं नाक अगदी तुझ्यासारखं लाल होतं. मला ते बघायला नको होतं. मी उठताना भिंतीवरच्या प्लगला हाताची मागची बाजू लावून बघितली, ह्यांची सवय, आणि हात झटकन मागे घेतला, इतका तो तापलेला. एक उघडी वायर न्हाणीघरात गेलेली दिसली. ही कशाला, म्हटलं. अर्थिंग आहे मावशी, सगळं सुरक्षित आहे, म्हणाला. बिल कमी कसं झालं रे मग, एवढे दिवे जळतायत तर? त्यावर तो वाकून बादल्यांना पाणी घालायला लागला. आणि मीही पुन्हा विचारलं नाही. भाजीवाल्याला एका भोपळ्यासाठी तीन वेळा परत बोलावणारी मी. पंधरा दिवस दिले त्याला, आणि खाली आले.

आता शिवणवालीचं सांगते. ती वरच्या मजल्यावर एकटी राहते, शाळांचे गणवेश शिवते. गरीब, हसरी, माझं सगळं ऐकून घेणारी. ती महिनाभर म्हणत होती, काकू, न्हाणीघरातला नळ चावतो. मी चार बायकांसमोर म्हटलं, तुझा हात कुणी धरला नाही ना इतकी वर्षं, म्हणून आता नळच धरायला लागला. सगळ्या हसल्या. तीही हसली, लाजून. माझा नळ मागच्या वर्षी प्लास्टिकच्या पाइपाचा केलाय, मला काही जाणवायचं कारण नव्हतं. पण भोपळे, ती खोली बघून आल्यानंतर दोन दिवसांनी ती पुन्हा जिन्यात भेटली आणि म्हणाली, काकू, नळ आता जोरात चावतो हो, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं का? मी ती वायर बघितलेली होती. मी त्या प्लगचा चटका खाल्लेला होता. आणि मी तोच विनोद पुन्हा केला. तीही बिचारी पुन्हा हसली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतेय.

बुधवारी सकाळी वरून बादली पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. नेहमी बादली पडली की ती स्वतःवरच ओरडते. मी हाक मारली, उत्तर नाही. जिन्याखालचा मेन स्विच खाली पाडला आणि वर पळाले. माझ्या गुडघ्यांची तू खूप चेष्टा करतेस, पण त्या दिवशी पळाले. मधल्या मजल्यावर आले आणि थबकले. घरातला मेन स्विच पडलेला, माझा पंखा थांबलेला मी ऐकला होता, आणि सोन्याच्या दाराखालून उजेड तसाच येत होता. मला त्या एका क्षणात सगळं कळलं. बिल कसं कमी झालं, वायर कशाला, नळ का चावतो, सगळं. पोराने मीटर टाळून थेट बाहेरच्या खांबावरून वीज ओढली होती आणि परतीची वायर न्हाणीघरातल्या लोखंडी पाइपाला बांधली होती, तोच पाइप वर तिच्या नळाला जातो. वर ती न्हाणीघरात ओल्या फरशीवर अर्धी बसलेली, उजवा हात नळाला, डोळे उघडे. हात लावायचा नाही एवढं सुचलं मला. कपडे वाळत घालायची काठी घेतली आणि तिच्या मनगटावर मारली. दोनदा मारावी लागली. आयुष्यभर मी तोंडाने मारत आले, हाताने कुणाला मारायची ती पहिलीच वेळ.

ती जगली. पण उजव्या हाताचा तळवा जळलाय आणि दोन बोटं मुडपलेली तशीच आहेत. सुई धरता येईल का, हे दीड महिन्याने सांगू म्हणतात डॉक्टर. मी उशाशी बसले तर मला म्हणते, काकू, नळाने फारच घट्ट धरला हो. माझाच विनोद. मला हसवायला बघत होती, आणि मला तोंड कुठे लपवू असं झालं.

बुधवारीच दुपारी, दवाखान्यातून कळवलं म्हणून, विजेचे साहेब आणि पोलीस आले. सोन्या नव्हता. मी दवाखान्यात असताना पिशवी भरून निघून गेला, दिवे तसेच चालू ठेवून. साहेबांनी कागद काढला, तर ग्राहकाच्या रकान्यात ह्यांचं नाव आणि पुढे लिहिलेलं, वीजचोरी. ह्यांचं. साहेब भला माणूस, माझं वय बघून हळूच म्हणाला, काकू, ग्राहक तर हयात नाहीत, चोरीचं खोडून जुन्या वायरिंगचा दोष असं लिहितो, घरमालकाचं प्रकरण म्हणून मिटून जाईल. खोली उघडायची गरज नाही. किल्ली माझ्या कनवटीला होती. तुझी शपथ, क्षणभर मी किल्लीवरून पदर ओढून घेतला. मग किल्ली काढून दिली. म्हटलं, ह्यांचं नाव खोडा आणि माझं लिहा, पंधरा दिवस मी दिलेत. आणि पोराचंही लिहा. ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

फोन मी का केला नाही, ते आता सांगते. फोन तो उचलेल, आणि उचलला की तिथूनही पळेल. तो तुझ्याकडेच आलाय. तुझ्याशिवाय त्याला आहे कोण? आतल्या खोलीत झोपला असेल, सुट्टीवर आलोय म्हणाला असेल, आणि तू चार वेळा विचारलं असशील की इतका बारीक का झालास. पोलिसांनी मूळ गावचा पत्ता मागितला. भाडेकराराच्या कागदावर त्याने खोटा लिहिला होता. खरा पत्ता साऱ्या जगात मलाच तोंडपाठ, चाळीस वर्षं पाकिटावर लिहितेय. मी दिला. वळण कुठलं, दार कुठल्या रंगाचं, सगळं सांगितलं. ते परवा निघतील, हे पत्र मी आज बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतेय म्हणजे तुला उद्या मिळेल. तो एक दिवस मी तुझ्यासाठी मागून घेतलाय, साहेबाच्या पाया पडून. त्याला पोटभर जेवू घाल. मग हे पत्र त्याच्या हातात दे, आणि दुसऱ्या कुठल्या नातेवाइकाकडे पाठवू नकोस. तू स्वतः त्याला घेऊन ये. आधी दवाखान्यात, त्या बाईसमोर, मग जिथे न्यायचं तिथे. मी दारात उभी असेन. मला मारायचं असेल तर मार, बोलणं टाकायचं असेल तर टाक, पण त्याला घेऊन ये.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
खाजकुयली