मातीच्या घराला सिमेंटचा कोट

२६ एप्रिल, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या नोंदी पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडतात.
बातमी अशी की २१ जूनला गल्लीतली चार जुनी घरं पाहुण्यांसाठी उघडी राहणार, आणि चौथं आमचं! आमचं हे वाळवंटातलं सांता फे गाव बघायला जगभरातून लोक येतात. चौकात चांदीचे दागिने घेतात, चर्चसमोर फोटो काढतात आणि जातात. खरं सांता फे आमच्या गल्लीत आहे हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. ते मी सांगणार. अठ्ठावीस वर्षं वाहन परवान्याच्या खिडकीत बसलोय, लोकांसमोर बोलायची सवय आहे. अर्लिंडाच्या, म्हणजे बायकोच्या मते, 'उद्या या' एवढंच बोलायची.
संकल्प: भाषण, चाळीस मिनिटांचं. पोट कमी करणे. भिंतीचा एकदाचा निकाल.

२९ एप्रिल
भिंतीविषयी. दर मे महिन्यात माझी थोरली बहीण निन्फा येते, माती, वाळू आणि भुसा कालवते आणि दक्षिणेकडची भिंत हातांनी लिंपते. आधी आई लिंपायची, त्याआधी आजी. आमच्यात विटा रचायच्या पुरुषांनी आणि लिंपायचं बायकांनी. निन्फाची यंदा चाळीस वर्षं होतील. जे काम चाळीस वेळा करावं लागतं ते मुळात झालेलंच नसतं, असं माझं मत आहे.
यंदा सिमेंट.

३ मे, रविवार
निन्फा नेहमीप्रमाणे जेवायला आली, तेव्हा सांगून टाकलं. शब्द जरा इकडेतिकडे झाले असतील. म्हणालो, बोटांचे ठसे असलेली भिंत पाहुण्यांसमोर बरी दिसत नाही, गरिबाघरची वाटते. ती घास चावता चावता थांबली. म्हणाली, मिहितो, मातीच्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो. (मिहितो म्हणजे बाळा. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे.) मी म्हणालो, मग तिचं नाक दाखव! हा विनोद मला फारच आवडला. अर्लिंडा हसली नाही. निन्फा ताट तसंच टाकून गेली.
येईल पुढच्या रविवारी. तिचा रविवार कधी चुकत नाही.

१० मे, रविवार
निन्फा आली नाही. गुडघा दुखत असेल.

१६ मे
सिमेंट झालं! जाळी ठोकली, दोन थर दिले, वर रंग. रंगाचं नाव 'वाळवंटी संध्याकाळ', डब्यावर तसं छापलंय. भिंतीवर बोटानं टकटक केलं. दगड!

१७ मे, रविवार
निन्फा नाही. अर्लिंडा म्हणते फोन कर. धाकट्यानं का करायचा?
(सायंकाळी: धाकट्यानंच करायचा असतो, हे खरं. पण सध्या कामात आहे.)

२४ मे
छपरावरचा कूलर सुरू केला. त्यातून पाणी ठिबकून वाया जातं आणि वाळवंटात पाणी वाया घालवणं म्हणजे पाप. नळी जोडून ते सगळं दक्षिणेच्या भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या गुलखैऱ्यांना सोडलं. अखंड पाणी, शून्य कष्ट. असल्या कल्पना लोकांना सुचत कशा नाहीत?
निन्फा नाही.

१ जून
अर्लिंडासमोर भाषणाची तालीम. मी म्हणालो, चारशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज स्पॅनिश कप्तानाच्या उजव्या हाताला घोड्यावर बसून या खोऱ्यात उतरले. ती म्हणाली, मेंढरांच्या मागून चालत आले, तुझ्याच आईनं मला सांगितलंय. घोडा ठेवतोय. बाराव्या मिनिटाला ती झोपली. भाषण मन शांत करणारं झालंय.

८ जून
अर्लिंडाची तक्रार: स्वयंपाकघरात भिंत हाताला ओली लागते, वासही येतो. मी म्हणालो, तो इतिहासाचा वास. तिनं पिठाचा डबा उचलून दुसऱ्या खोलीत नेला.
गुलखैरे मात्र छातीएवढे झालेत.

१४ जून, रविवार
आतून भेग. बाहेरून भिंतीला खालच्या बाजूला चक्क पोट आलंय. माझं होतं तिथंच आहे.
अर्लिंडा म्हणाली, निन्फाला बोलाव, यातलं कळणारी ती एकटीच आहे. कळतंय मला. पण ती येईल आणि म्हणेल, 'बघ, सांगितलं होतं.' ते वाक्य ऐकायची माझी तयारी नाही. जेवणाच्या टेबलाशी निन्फाची खुर्ची सहा आठवडे रिकामी आहे आणि घास घेताना सारखी नजरेला येते. उचलून भेगेपुढे ठेवली. दोन्ही प्रश्न सुटले.
नाही सुटले. तिची आठवण येते. माझे विनोद संपायच्या आधी हसणारं या घरात दुसरं कोणी नाही.

२१ जून, रविवार, सकाळी ९
आज! शर्टाचं बटण लागलं नाही. वरून जॅकेट घातलं. बाहेर भट्टी तापलीय.

११.४०
पहिला गट. सव्वीस माणसं, निम्मी टेक्सासची, आणि टेक्सासवाल्यांना कुठंही गेलं तरी ते आपलंच वाटतं. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, हे खरंच मातीचं आहे? शंका रास्त आहे. आमच्या गावात पार्किंगची इमारतसुद्धा मातीचं सोंग घेऊन उभी असते, तसा नियमच आहे. मी म्हणालो, आत माती, बाहेर सिमेंट, आता शंभर वर्षं हलत नाही. आणि विश्वास बसावा म्हणून भिंतीवर एक थाप मारली.

११.४१
भिंत पडली.

दुपारी १
जरा सावरून लिहितो. कुणालाही लागलं नाही. आधी सिमेंटचा पापुद्रा अख्खाच्या अख्खा वाकून नमस्कार करावा तसा पुढे आला. मग आतून काळी ओली माती घसरत आली आणि गुलखैऱ्यांवर बसली. भगदाडातून आमचा फ्रिज दिसायला लागला आणि फ्रिजशेजारी हातात उलथनं घेतलेली अर्लिंडा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. अर्लिंडा सव्वीस जणांसमोर भगदाडातून मला म्हणाली, आता तरी कर फोन.

दुपारी ४
केला. म्हणालो, भिंत पडली. निन्फानं विचारलं, कुठली भिंत, दक्षिणेची? कुणाला लागलं का? तू कुठं उभा होतास? छताला टेकू लावा, मी सकाळी येते.
'बघ, सांगितलं होतं' म्हणालीच नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२२ जून, सोमवार
सातला आली. मुठीत माती दाबून पाहिली. नळीचा माग काढत छपरापर्यंत नजर नेली, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, चुकलं माझं. तुझ्या हातांना मी गरिबीची खूण म्हणालो, ते फार चुकलं. चाळीस मिनिटांच्या भाषणाला इतकी धाप लागत नाही. ती म्हणाली, बोलत काय बसलायस, ती बादली उचल. पडलेली माती वाया जात नाही, तिच्याच विटा पाडायच्या. आणि विटा पुरुषांनी.
दहाच्या सुमारास कालच्यापैकी अकरा पाहुणे पुन्हा आले. निन्फानं त्यांना बाह्या सरसावायला लावलं आणि मातीत हात घालून दाखवलं. तास-दीड तास कुणी हललं नाही. कप्तानाविषयी एकानंही विचारलं नाही. टेक्सासच्या बाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण? निन्फा म्हणाली, माझा भाऊ, पाणी आणतो.
बावीस बादल्या आणल्या. नीट मोजल्या, कारण दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.
बाराला तिनं हात धुतले आणि म्हणाली, चल मिहितो, जेवून घे. माझ्याच घरात मला जेवायला बोलावलं आणि मी पाहुण्यासारखा हात धुऊन बसलो. ताट पुढे करून तिनं विचारलं, मिरचीचा रस्सा लाल वाढू की हिरवा?
आयुष्यात पहिल्यांदाच मी म्हणालो, तू म्हणशील तो.
ती म्हणाली, हिरवाच घे. लाल संपलाय, उगाच विचारलं.