दाजी, नंबर पुसले गेले!

कोल्टर्स मिल, इंडियाना
गुरुवार, १७ सप्टेंबर १९९८

आदरणीय एल्वूड दाजींना,

हार्लनचा मनापासून नमस्कार. (तीन वर्षांचा साचलेला आहे, म्हणून वजनाला जरा जास्त.) फ्लोरिडाची हवा छातीला मानवते ना? ऑपरेशनची जखम भरली ना? ताईने तुम्हाला पाच पौंडांवरचं काहीही उचलायला बंदी केली आहे आणि कलिंगडसुद्धा गाडीतून तीच आत आणते, असं आमच्या सौ. ग्लेंडाकडून कळलं. आमच्याकडे ग्लेंडाचा गुडघा ठीक, माझा रक्तदाब ठीक होता, परवापर्यंत. फोन केला नाही, कारण फोन ताई उचलते, आणि तिने "काय मोडलंस रे?" असं विचारलं की माझी बोबडी वळते. अक्षर वेडंवाकडं आलंय ते बिअरमुळे नव्हे. दाजी, मी फायनलला पोचलोय! एकतीस वर्षं ड्रॅग-शर्यतीच्या त्या सरळ पट्ट्यावर (दोन रांगा, प्रत्येकीत एक गाडी) पळवतोय, एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चषकांना टाळ्या वाजवतोय, आणि या वर्षी फायनलला मी! आणि शेजारच्या रांगेत कोण, तर आपला बर्ल स्टकी, आमच्या कुंपणापलीकडचा! गेल्या शनिवारी आम्ही दोघं सुटायच्या रेषेकडे गाड्या ढकलतोय तोच पाऊस आला. ओल्या पट्ट्यावर गाडी सोडत नाहीत, त्यामुळे फायनल सव्वीस तारखेवर गेली.

म्हणजे मधे दोन आठवडे मोकळे, आणि मोकळा हार्लन काय करतो हे तुम्ही चांगलं ओळखता. मला आठवलं आपलं तीन वर्षांपूर्वीचं ते थँक्सगिव्हिंगचं जेवण. (मी विसरलो नव्हतोच.) तुमचं म्हणणं होतं, मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या डिफरन्शियलच्या गिअरवर कारखान्याने चढवलेला काळा लेप असतो तोच बरा, तो तेल धरून ठेवतो, दातांना आरसा करून काय त्यांत बघून दाढी करायची आहे? माझं म्हणणं होतं, दात जितके गुळगुळीत तितकं घर्षण कमी, आणि इंजिनाची ताकद तितकी जास्त चाकापर्यंत पोचणार. एवढ्यावरून टर्की गार झाली. तुमचं ज्ञान घोडागाडीच्या काळातलं आहे असं मी म्हणालो, आणि तुम्ही जेवण अर्धवट टाकून, टोपी घालून निघून गेलात. जाताना माझ्यासाठी आणलेला काळ्या गिअरांचा नवा संच तेवढा पायरीवर ठेवून गेलात. तर त्या वादाचा निकाल एकदाचा लावून टाकू असं मी ठरवलं.

बंद पडलेल्या ट्रॅक्टर-कारखान्याच्या लिलावात मला एक थरथरणारं घमेलं मिळालं. न्हाणीघरातल्या टबाएवढं आहे. त्यात चिनीमातीचे तिकोनी खडे आणि थोडं सौम्य आम्लाचं पाणी टाकायचं, वर गिअर टाकायचे आणि सुरू करायचं. खडे दातांवर घासत राहतात आणि सगळा खडबडीतपणा हळूहळू उतरतो. कल्पना किती सुंदर आहे बघा! फक्त ते घमेलं नुसतं थरथरत नाही, चालतं. पहिल्या तासात ते गॅरेजच्या दाराशी आलं, दुसऱ्या तासात बर्लच्या टोमॅटोत. बर्ल तावातावाने आला तो मला झापायलाच, पण घमेल्यात डोकावल्यावर झापायचं विसरला. दात असे लखलखत होते! "हार्लन, माझेपण टाक की रे यात," म्हणाला. त्याने कुठेसं वाचलं होतं की पोलाद गोठवून काढलं की आणखी चिवट होतं, म्हणून त्याने आपले गिअर आधी रात्रभर ग्लेंडाच्या फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवले. (खऱ्या गोठवणीला लागते ती थंडी मटारांना सोसणारी नसते, हे मी त्याला सांगितलं नाही. तो फार खुशीत होता.) मग घमेलं दोरखंडाने खांबाला बांधलं, दोघांचे गिअर एकत्र टाकले आणि चर्चमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं तिकडे गेलो. सहा तासांचं काम होतं. आम्हाला आठवण झाली सतरा तासांनी.

दाजी, असे दात तुम्ही जन्मात पाहिले नसतील! मला त्यांत माझ्या नाकातले केस दिसले. मी नाचलो, बर्ल नाचला, ग्लेंडाने खिडकी लावून घेतली. आणि मग बर्लने विचारलं, "यातला माझा कुठला?"

तुम्हाला काय सांगायचं, पण पत्र ताईही वाचणार म्हणून लिहितो. मोठा गिअर म्हणजे क्राउन आणि छोटा म्हणजे पिनियन. हे दोघे कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार होतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात, कारण एकाचा पिनियन दुसऱ्याच्या क्राउनला लावला तर ते आयुष्यभर भांडतात. मी आणि बर्लने आपापले संच एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतले होते. माप एक, दात एक, फरक फक्त नंबरांत, आणि ते नंबर वरवर कोरलेले. सतरा तासांत आमच्या आरशाने नंबर साफ पुसून टाकले! दोन क्राउन, दोन पिनियन, आणि कोण कुणाचं याचा पत्ता नाही.

आम्ही अंदाजाने एक जोडी माझ्या गाडीत बसवून पाहिली. गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो मागून असा हंबरडा की पोस्टमनने सायकल कुंपणात घातली. जोडी बदलली, तर हंबरडा वरच्या पट्टीत. (बसवायचं मापही नंबरांबरोबरच पुसलं गेलं, आणि माप केसभर चुकलं तर बरोबर जोडीही ओरडते.) दातांना पिवळा रंग फासून कुठे कुठे घासतंय तेही पाहिलं. तासभर नुसते बघत बसलो. "मला तर यात माझ्या सासूचा चेहरा दिसतोय," बर्ल म्हणाला. त्याचीही ही पहिलीच फायनल.

तुमचा तो काळा संच मी भंगारात दिला असं तेव्हा ताईला सांगितलं होतं, ते खोटं होतं. तो तेलाच्या कागदात गुंडाळून फळीवर ठेवला होता. काल काढला. म्हणजे आज गॅरेजात गाड्या दोन, धड संच एक. आणि आमच्या पट्ट्याचा नियम असा की समोरचा रेषेवर आलाच नाही तर आपण एकट्याने गाडी पळवायची आणि चषक घरी न्यायचा. हे मी ग्लेंडाला म्हणालो. ती म्हणाली, "एकतीस वर्षं थांबलास ते रिकाम्या रांगेला हरवायला?" मला जेवण गेलं नाही, दाजी. खरंच गेलं नाही.

बाकी सर्व क्षेम. ताईला सांगा, तिच्या आवडत्या झाडाला यंदा पर्सिमनची केशरी फळं लगडली आहेत. तब्येतीला जपा.

तुमचा आगाऊ मेहुणा,
हार्लन टिबेट्स

ता. क. १ : पत्र ज्यासाठी लिहिलं ते वर लिहायचं राहिलं. चाळीस वर्षं डिफरन्शियल जुळवण्यात गेलेला माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. पिवळ्या रंगातला दातांचा ठसा वाचून कोण कुणाची जोडी हे तुम्ही बसल्या जागी सांगाल. बुधवारपर्यंत याल का? तुम्ही खुर्चीत बसून नुसतं काठीने दाखवायचं, उचलणं मी आणि बर्ल करू. ताईला सांगा, ग्लेंडाचं पर्सिमनचं पुडिंग खायला चाललोय. (ते खरंही आहे, ती करणार आहे.)

ता. क. २ : तुमचा काळा संच माझ्या गाडीत आहे असं तुम्हाला वाटलं असेल. तो बर्लच्या गाडीत आहे. घमेलं माझं होतं, हौस माझी होती, तेव्हा दुसरं काय करणार? म्हणजे तुम्ही आला नाहीत तर सव्वीस तारखेला रिकामी असेल ती माझी रांग.

ता. क. ३ : काल संध्याकाळी बर्लने गाडी रस्त्यावर काढली. मी मागच्या सीटवर आडवा होऊन, कान खाली लावून ऐकत होतो. आवाज नाही, दाजी. जरासुद्धा नाही. तुमचं बरोबर होतं. (ही ओळ वाचून झाली की फाडून टाका. नाही, राहू द्या. ताईला दाखवा.)