डबीची मागची सीट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा शिवणकाम, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या साडेनऊ बोटांनी लिहून ठेवते. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. खात्री करायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि आमच्या डबी मोटारीच्या पहिल्या मॉडेलच्या सीटला एका इंचात किती टाके होते तेही सांगितलं. सात. पुढच्या मॉडेलांना पाच. त्यांनी दाखला लिहून दिला. याआधीचं मृत्युपत्र मी फाडून टाकलं आहे, कारण ते लिहिलं तेव्हा मला पुरेसा राग आलेला नव्हता.

कलम १. माझी मोटार, म्हणजे डबी, चौथं मॉडेल, रंग निळा, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला द्यावी. डबी कोणाला माहीत नाही? निम्मं गाव तिच्यावरच गाडी शिकलं. पहिल्या मॉडेलला एकच वायपर होता, दारं उलटी उघडायची, आणि पेट्रोल किती उरलं ते टाकीत लाकडी पट्टी बुडवून बघावं लागायचं. एकोणतीस वर्षं निघाली ती. एवढी स्वस्त कशी, तर कंपनीच्या जाडजूड पुस्तकात लिहिलंय, 'साहेबांची प्रतिभा'. साहेब म्हणजे कारखान्याचे मालक. प्रतिभा कसली डोंबलाची! सात टाक्यांचे पाच झाले, शिवणखात्यातल्या सोळा जणींच्या नऊ झाल्या, आणि सीटा मात्र रोज तेवढ्याच निघायला हव्या होत्या. ती स्वस्ताई आमच्या हाडांतून काढलेली आहे. असो. मेकॅनिकने दुसरा गिअर दामटू नये, आणि गाडीला लाल रंग देऊ नये. तो साक्षीलाही यायला तयार होता, पण ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते, एवढा कायदा मलाही कळतो.

कलम २. वाकडी सुई, आरी, अंगुस्तान आणि मोठी कात्री माझ्या भाचेसुनेला. दुसरी कात्री समोरच्या शिंप्याला. ती त्याने एका दिवसाच्या बोलीवर नेली, तिने पत्रा कापला आणि तोंड वर करून परत आणून दिली. तिच्याने आता लोणीसुद्धा कापवत नाही. त्यालाच लखलाभ होवो.

कलम ३. शिवणखात्याचा मुकादम अजून जिवंत असल्यास त्याला माझ्याकडून काहीही मिळू नये. अंत्ययात्रेला आलाच तर बसायला खुर्चीही देऊ नये. कारण कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. बँकेत जे काही असेल त्यातून माझं क्रियाकर्म साधेपणाने उरकावं. उरलेलं भाचेसुनेला. रडायला माणसं गोळा करू नयेत.

कलम ५. राहतं घर, दोन खोल्या व गच्ची. हे घर मी माझ्या भाच्याला देते, पण एका अटीवर. अट समजायला आधी दोन गोष्टी सांगाव्या लागतील.

पहिली गोष्ट. पहिली डबी पाहुण्यांसमोर आणायची त्या सकाळी मागच्या सीटचे बोल्टच आले नव्हते. उतारावर सीट घसरली असती. साहेब म्हणाले, "कोणीतरी आत झोपा आणि धरून ठेवा." सगळ्यांत बारीक मी. दोन सीटांच्या मध्ये, काळ्या कापडाखाली, एका हाताने सीट आणि दुसऱ्या हाताने दाराची मागची कड धरून पडले. दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. साहेबांनी फोटोसाठी स्वतःच्या हाताने दार लावलं. बोट सापडलं. बाहेर बँड वाजत होता, टाळ्या चालल्या होत्या. मी कापडाचा बोळा तोंडात कोंबला आणि हूं की चूं केलं नाही. साहेबांचा पुतळा उभारलाय ना फाटकापाशी, दारावर हात ठेवलेला? त्या दारात माझं बोट होतं.

दुसरी गोष्ट. कारखान्याचं आता संग्रहालय झालंय आणि माझा भाचा तिथे टाय लावून लोकांना माहिती सांगतो. "ही गाडी साहेबांनी एकट्याने, एका टेबलावर, एका पेन्सिलीने घडवली." मी घरी शंभरदा सांगितलं, "अरे, त्या सीटखाली एकदा बघ." तर म्हणे, "मावशी, लोकांना एकच माणूस लागतो गं. सोळा बायकांची गोष्ट कोण ऐकणार?" म्हणून गेल्या महिन्यात मीच गेले. पहिल्या डबीभोवतीची दोरी ओलांडली. पहारेकऱ्याने दंड धरला आणि भाच्याला विचारलं, "ओळखता का यांना?" पुढ्यात चाळीस माणसं उभी. भाचा म्हणाला, "नाही. येतात अशा म्हाताऱ्या कधी कधी."

चार वर्षांचा असल्यापासून ज्याचं नाक पुसलं, तो! माझ्या तोंडावर! मी बसने घरी आले आणि जुनं मृत्युपत्र फाडलं.

तर अट. माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत भाच्याने, समोर माणसं असताना, त्या पहिल्या गाडीची मागची सीट उचलावी आणि तिच्या खालच्या कापडावर शिवलेलं सगळं मोठ्याने वाचावं. पाना-बिना लागणार नाही. त्या गाडीचे बोल्ट आजतागायत आलेले नाहीत. अट पाळली नाही तर घर त्याच्या बायकोचं. मग राहील तो तिच्या घरात, ती ठेवील तसा.

आता पुढचं नीट ऐक, बाळा, कारण पुढचं तुझ्यासाठीच आहे. त्या कापडावर सोळा नावं आहेत. गाडी पाहुण्यांसमोर न्यायच्या आदल्या दिवशी जिचं तिने शिवलं. पंधरा काळ्या दोऱ्यात. शेवटचं लाल, कारण तिची वेळ येईपर्यंत काळा दोरा संपला होता. ते माझ्या धाकट्या बहिणीचं. तुझ्या आईचं. तुला वाटतं ती जन्मभर घरीच कपडे शिवायची. नाही रे. सोळा जणींत तिच्याइतका सरळ टाका कोणाचा नव्हता. पोट दिसायला लागलं तसं मुकादमाने तिला हाकललं, म्हणाला, मशीनपाशी मावत नाहीस. त्या पोटात तू होतास. ते तुला कधी कळू नये, तुझ्यामुळे झालं असं तुला वाटू नये, म्हणून तिने मला शपथ घातली. ती शपथ मी आज मोडते. तिची माफी मी वर गेल्यावर मागेन.

रोज दहा ते सहा तू तिच्या नावापासून चार हातांवर उभा राहतोस आणि सांगतोस, एकट्याने घडवली. वाच आता. सोळावं नाव वाचून झाल्यावर कोणी विचारलं, "ओळखता का यांना?", तर काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

वरील मजकूर मी लिहिला, वाचून पाहिला, आणि एकही शब्द मागे घेत नाही. दोन्ही साक्षीदारांनी माझ्या देखत सह्या केल्या.

सही (शिवणखाते, पहिली पाळी)

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई, दाखला सोबत जोडला आहे.

साक्षीदार २: सोळा जणींपैकी माझ्याशिवाय उरलेली एकटी. सही वाकडी, पण वाचता येते.

ठिकाण: माझं शिवणाचं टेबल. तारीख नऊ, मंगळवार, सकाळी अकरा वाजता.