उजव्या कोपऱ्यातली गळती

४ सप्टेंबर, सकाळी ७.४०
मागच्या खोलीचं छप्पर गळतंय. बाबांची खोली. बरोबर पलंगावर. बाबा हॉस्पिटलात आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालं, सोळाला डिस्चार्ज. धाकट्याला कुठून कळलं देव जाणे. लगेच फोन करून म्हणाला की बाबांना तो आपल्याकडे नेईल, दादाच्याने काही व्हायचं नाही. बघून घेईन. बाबा इथेच येतील, याच खोलीत, याच पलंगावर. बारा दिवस आहेत. भरपूर झाले.

४ सप्टेंबर, दुपारी
छपरवाल्याला फोन केला. म्हणाला, वर चढून बघतो, पाच मिनिटांचं काम. इथेच कामांची माती होते. बघतो, करतो, सगळं तोंडी. ऑफिसात मी 'प्रभावी संवाद' या विषयावर वर्षातून दोनदा ट्रेनिंग देतो. त्याला सांगितलं, चढून बघायची गरज नाही, सगळं लेखी मिळेल. त्याने 'बरं साहेब' म्हणून फोन ठेवला. प्रभावित झाला असावा.

५ सप्टेंबर
ग्रुप उघडला. नाव 'छप्पर समन्वय'. सभासद तीन: मी, छपरवाला, बायको. चौदा सूचना टाकल्या. क्र. ७ सगळ्यात महत्त्वाची: फोन करून शंका विचारू नयेत, त्याने गोंधळ होतो. छपरवाल्याचा अंगठा आला. बायको ग्रुप सोडून गेली. सभासद दोन. निर्णय लवकर होतील.

७ सप्टेंबर
बाबांच्या पलंगावर उताणा पडून छताचा नकाशा काढला. शर्ट भिजला. गळती उजव्या कोपऱ्यात. तिथे लाल गोल. दार, खिडकी वगैरे फालतू तपशील गाळले, माणूस त्यात भरकटतो. बायको दारात उभी राहून म्हणाली की त्याला एकदा आत बोलाव आणि बोटाने दाखव. प्रेमळ आहे, पण तिला प्रोसेस कळत नाही.

१० सप्टेंबर
नकाशावर अंगठा आला. तीन दिवस लागले, म्हणजे नीट अभ्यास केला.

१२ सप्टेंबर
काम झालं! मी ऑफिसात, बायको बाबांपाशी. छपरवाला जोडीदाराला घेऊन आला आणि दोन तासांत कौलं बदलून गेला. कोणी समोर उभंसुद्धा नव्हतं. लेखी संवादाची हीच ताकद. वरून काढलेला फोटो आला: नवी कोरी कौलं, अगदी उजव्या कोपऱ्यात. तोच फोटो धाकट्याला पाठवला. खाली एक शब्द लिहिला नाही. संध्याकाळ झाली, पाऊस नाही आणि गळतीही नाही.

१६ सप्टेंबर, रात्री ८
बाबा दुपारी आले. चार वाजता पाऊसही आला. थेंब जिथे पडायचा तिथेच पडला. बाबांनी उशी उचलून पायथ्याशी घेतली. मग पाय भिजायला लागले. धाकटा अर्ध्या तासात गाडी घेऊन हजर. जाताना मी बाबांची पिशवी घ्यायला गेलो, तर ती त्यांनी धाकट्याकडे दिली. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.
सूचना क्र. ३ चा (काम लेखी दिल्याप्रमाणेच व्हावे) सरळसरळ भंग झाला आहे. ग्रुपवर कडक भाषेत लिहिलं.

१८ सप्टेंबर
उत्तर नाही. अंगठासुद्धा नाही. संध्याकाळी बायकोने त्याला फोन केला. मोजून एक मिनिट. एवढ्यात काय डोंबल सांगून होणार?

१९ सप्टेंबर
छपरवाला सकाळी आठला दारात. त्याने माझा नकाशा आधी जमिनीवर ठेवला, मग डोक्यावर उलटा धरला आणि समजावलं की मी उताणा पडून, वर बघत काढला. तो छपरावर उभा राहून, खाली बघत कामाला लागला. माझं उजवं ते त्याचं डावं. त्याने चांगली धडधाकट कौलं काढून नवी बसवली होती. मी विचारलं, संशय आला नाही का. म्हणे, आला होता, पण सूचना क्र. ७.
बायकोने त्याला आत नेलं आणि झाडूच्या दांड्याने कोपरा दाखवला. एक कौल फुटलं होतं. पाच मिनिटं लागली. नकाशा अचूक होता, एवढं इथे नोंदवून ठेवतो. फक्त तो बघताना उताणं पडायला हवं होतं.

२१ सप्टेंबर, संध्याकाळी
दोन दिवस धो धो पाऊस. पलंग कोरडाठाक. बाबांना फोन केला. मुद्दे आधी काढून ठेवले होते: पार्श्वभूमी, झालेलं काम, पुढची दिशा. बाबांनी पार्श्वभूमी अर्धी ऐकली आणि म्हणाले की येतो, इथे काही करमत नाही, आपली खोली ती आपली खोली. मला एकदम भरून आलं. न्यायला कधी येऊ ते विचारलं. बाबा म्हणाले, ते तू नको ठरवूस, फोन सूनबाईला दे.
दिला.