डॉक्टरांना दुधाचं विचारलं

अगं,

गाढ झोपली होतीस म्हणून उठवलं नाही, ड्यूटीवर निघालोय. काल तुझे रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांना दुधाचं विचारलं. ते म्हणाले, "दुधानं संधिवात वाढतो असं काही अभ्यास सांगतात, काही अगदी उलटं. पक्कं कुणालाच ठाऊक नाही. गोळ्या मात्र चुकवू देऊ नका."

तेव्हा शेजारच्या काकूंचं ऐकून तोंड वाकडं करत कोरा चहा पिणं आता पुरे. दूध तापवून ठेवलंय. बरण्यांची झाकणंही सैल केलीत.

हल्ली बटणं लावताना तू पाठ फिरवतेस, कळतं मला. माझ्यापासून बोटं लपवू नकोस गं. संध्याकाळी तुझी वेणी मी घालीन. तिरकी आली तर हसायचं नाही.