आकाश सोडून छापलेला फोटो

मी, कमळाकर नारायण मोकल, वय ५९, धंदा फोटोग्राफी, राहणार रोहा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. धमकी आहे, ती पुढे येईल. ओठाला तीन टाके आहेत, डोकं शाबूत आहे.

१. रोह्यातील माझी राहती जागा व स्टुडिओ माझी पुतणी मृणाली हरेश मोकल हिला मिळावा. पाच बाय सातचा लाकडी कॅमेरा, भिंगं, पिवळा फिल्टर, स्टँड आणि डार्करूममधलं सगळं सामानही तिलाच. सहा वर्षं ती माझ्या हाताखाली शिकली. कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे घड्यांचा चामडी भाग, ओलाव्यात ठेवू नये, एवढीच अट.

तिला शिकवलेलं इथे लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मिठागरावर मे महिन्यात आभाळ डोळे फोडतं. जमिनीला पुरेल एवढा उजेड फिल्मला दिला की कागदावर ढग उरत नाहीत, नुसतं पांढरं येतं. ढग सांभाळायला गेलं की माणसं काळी पडतात. माझी रीत अशी: उजेड सावलीच्या मापाने द्यायचा, फिल्म थोडी कमी धुवायची आणि छापताना आकाशाला जास्त वेळ द्यायचा. सावलीतलं सगळं निगेटिव्हमध्ये राहतं. कागदावर काय आणायचं हे छापणाऱ्याच्या हातात.

२. पेणच्या खाडीकाठच्या वडिलोपार्जित मिठागरातला माझा हिस्सा, उघाडीसकट, मयत केरू पाटील याची बायको बायजा केरू पाटील हिला द्यावा. उघाडी म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार. भरतीला माझा धाकटा भाऊ हरेश ते उघडं ठेवायचा. आमच्या मिठागराला पाणी मिळायचं आणि शेजारच्या केरूच्या भातशेतीत खारं पाणी शिरायचं. तीन वर्षं केरूचं पीक हरेशने असं जाळलं.

१९ मे १९९१ रोजी दुपारी मी बांधावर कॅमेरा लावून ढगांची वाट बघत होतो. दोन्ही बाजूंना फिल्म असलेला होल्डर घातलेला, शटरची तार हातात. केरू फळ्या टाकून उघाडी बंद करायला आला. हरेशने त्याला मागे ओढला. केरूने फळी सोडली नाही. हरेशने फावडं उचललं आणि त्याच्या मानेवर घातलं. मी तार दाबली.

मी ओरडलो नाही. होल्डर काढून, उलटा करून परत घालायला आणि शटर ताणायला मला पंधरा सेकंद लागतात. त्या पंधरा सेकंदांत केरू गुडघ्यावर होता, जिवंत होता. "कमळाकरदादा, धर याला," असं म्हणाला. शंभर पावलांचं अंतर. फावडं दुसऱ्यांदा डोक्यात बसलं तेव्हा मी दुसरा फोटो घेतला. हात सवयीने चालले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. हात माझेच होते.

हरेशने त्याला पायाने ओहोटीच्या पाण्यात ढकललं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, तू काय पायलं नाय."

मी म्हणालो, "नाय."

पोलिसांनी विचारलं तेव्हा हरेशने आपण कोलाडला जेवत होतो असं सांगितलं. मी बांधावर कॅमेरा लावलेला लोकांनी पाहिला होता, म्हणून मी तो दुसरा फोटो सगळा आकाशाच्या मापाने छापून दिला. ढग असे की बघत राहावं, खाली दोन काळ्या आकृत्या. "चेहरे येत नाहीत साहेब, आभाळ फार उजळ होतं," असं मी खोटं सांगितलं. तपास बंद झाला.

३. केरूचा मुलगा नितेश केरू पाटील याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. १९९२ साली कंपनीतली शिफ्ट संपवून तो थेट स्टुडिओत आला आणि लोखंडी गजाने शोकेस फोडून माझं उजवं मनगट मोडलं. "या हातानं काढलंस ना?" एवढंच बोलला. त्याला खात्री नव्हती, तरी त्याने बरोबर हात निवडला.

४. हरेश नारायण मोकल यास काही नाही.

कारण असं. मागच्या महिन्यात मृणालीने मला न विचारता त्या दुसऱ्या फोटोची निगेटिव्ह लावली आणि आकाशाला जादा वेळ न देता, सावलीच्या मापाने छापली. आभाळ कोरं गेलं. ट्रेमध्ये चेहरे वर आले.

"काका, हे बाबा हायत?"

"व्हय."

"मग इतकी वर्षं तुम्ही आभाळच का छापत होता?"

तिने फोटो धुतला आणि वाळत घातला.

परवा हरेश आला. तिनेच त्याला विचारलं होतं. त्याने माझं तोंड फोटो मोठा करायच्या एन्लार्जरच्या पाटावर आपटलं, ओठ फाटला, दोन दात पडले. निगेटिव्ह मागितल्या. मी दुसऱ्याच दोन दिल्या, त्या त्याने माझ्यासमोर जाळल्या. "बोललास तर तुला पण त्याच वाटेनं धाडीन," म्हणाला.

५. ~~उघाडीच्या दोन निगेटिव्ह माझ्या मरणानंतर बायजास द्याव्यात.~~ हे कलम मीच खोडलं आहे. काल ते तिला वाचून दाखवायला गेलो होतो. तिने शेवटपर्यंत ऐकलं. "तो तुला हाक मारत व्हता?" मी होय म्हटलं. तिने मला मुस्काटात दिली. ओठाचे टाके उसवले, रक्त सदऱ्यावर आलं; टाके आज सकाळी पुन्हा घातले. मग हात पुढे केला.

"मेल्यावर कशाला देतोस? आज दे."

निगेटिव्ह आता तिच्याकडे आहेत.

६. सोमवारी सकाळी बायजा आणि मी पेण पोलीस ठाण्यात जाणार आहोत. त्याआधी मी मेलो तर ही पानं माझा जबाब समजावीत. केरूला माझ्या भावाने मारलं. मी पाहिलं, अडवलं नाही. मृणालीने येऊ नये असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "छापलाय मी. मलाच विचारतील." तीही येणार आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

कमळाकर नारायण मोकल
रोहा, शनिवार, २३ मे १९९८

आमच्यासमोर सही झाली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
१. काळुराम गोमा ठाकूर, कंपाउंडर, रोहा
२. इंदुबाई सखा भोईर, शेजारीण, रोहा